दोन खात्यांच्या मधला माणूस

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. घरी ते कधी डिपार्टमेंट म्हणाले नाहीत. साचेखातं, कांडीखातं, रंगखातं असंच बोलायचे. पुढे मी पोस्टात बचतीचं खातं उघडलं, तेव्हा एकच शब्द दोन ठिकाणी कसा, असा प्रश्न पडला. वडिलांनी सरळ उत्तर दिलं. ज्याचा हिशेब वेगळा ठेवायचा, ते खातं.

कारखानदारीत मी छत्तीस वर्षं काढली, ती सगळी खात्याखात्यांच्या मधे. एका खात्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला वेळेवर कळावं, हेच माझं काम होतं. या कामाला इतिहास आहे, पण तो कोणी फारसा लिहीत नाही. यंत्रांचा, मालकांचा, संपांचा इतिहास लिहिला जातो. जॉब कार्ड हातात घेऊन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणाऱ्या माणसाचा राहून जातो, म्हणून तो लिहायला बसलो आहे.

सुरुवात आपल्याच मातीतून करतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला. जागा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिली. निवडुंग काढून वसवलेली ती किर्लोस्करवाडी. तिथला लोखंडी नांगर बनवायचा तर ओतकाम, जोडकाम आणि विक्री अशी कामं वेगवेगळी होणारच, पण करणारी माणसं एकाच वाडीत राहत होती. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेना. अशा वेळी शेतकरी काय म्हणतो हे नांगर बनवणाऱ्याच्या कानावर पडणं हा धंद्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. वाडी लहान होती तोवर ते आपसूक होत होतं. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. पुढे ते महाराष्ट्रातलं नावाजलेलं मासिक झालं, पण जन्माला आलं ते कारखान्याची खबर देणारं पत्र म्हणून. पसारा वाढला की खबर आपोआप पोचत नाही, तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागते. वाडीला ते दहा वर्षांत उमगलं होतं.

तिकडे अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी हीच गोष्ट शिस्तीत बसवली होती. त्यांचं ‘शॉप मॅनेजमेंट’ १९०३ चं. त्याआधी सगळी माहिती फोरमनच्या डोक्यात असायची. कोणतं काम आधी, कुठल्या मशीनवर, किती वेळात, हे तोच ठरवायचा. टेलरनी एका फोरमनचं काम आठ जणांत वाटलं. चौघे शॉपवर आणि चौघे प्लॅनिंगच्या खोलीत. खोलीतल्या चौघांपैकी एकाने कामाचा क्रम आणि मार्ग ठरवायचा, दुसऱ्याने सूचनापत्र लिहायचं, तिसऱ्याने वेळ आणि खर्च मांडायचा, चौथ्याने शिस्त पाहायची. आपल्याकडे पुढे जे रूट कार्ड आणि जॉब कार्ड आलं, त्याचा मूळपुरुष ही खोली. फायदा मोठा झाला. फोरमन आजारी पडला म्हणून काम अडेनासं झालं. पण त्याच दिवशी विचार करणारं खातं आणि हाताने करणारं खातं अशी फारकतही झाली. एका डोक्यात होतं ते आठ जणांत गेलं, आणि त्या आठांना जोडायला कागद लागला.

इकडे महाराष्ट्रात एमआयडीसीची, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना १ ऑगस्ट १९६२ ला झाली. पुण्याच्या उत्तरेला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आधीच होती. मग पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या शेतांवर एकामागून एक शेड चढत गेल्या. ट्रक, स्कूटर, बेअरिंग, कॉम्प्रेसर सगळं तिथे होऊ लागलं. सातारा, सांगली, नगर, सोलापूरकडून आयटीआय आणि डिप्लोमा केलेली मुलं आली. १९७६ साली मीही त्यांत होतो. मला नेमलं पीपीसीत, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोलमध्ये. पत्रावर पद होतं प्रोग्रेस असिस्टंट. शॉपवर सगळे म्हणायचे चेसर.

चेसर ही इंग्रजी इंजिनिअरिंग कारखान्यांतून आलेली जात. काम अडलं असेल तिथे जायचं, का अडलं ते पाहायचं आणि ते सोडवून पुढे काढायचं. आमच्या कारखान्यात मशीन शॉप एका टोकाला, हीट ट्रीटमेंट दुसऱ्या टोकाला, मधे स्टोअर, आणि डिझाइन ऑफिस गेटजवळच्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर. आम्हाला सायकली होत्या. टपाल घेऊन शिपाई दिवसातून दोन फेऱ्या करायचा, दहाला आणि तीनला. साडेतीनला लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दहाला निघायची. पाच खात्यांच्या सह्या लागणारा कागद आठवडाभर फिरायचा. तोपर्यंत मशीन थांबत नाही. म्हणून कागदाच्या पुढे माणूस पळायचा, आणि तो माणूस म्हणजे चेसर.

त्या काळातले दोन कागद जवळून दाखवतो.

पहिलं बिन कार्ड. स्टोअरमधल्या प्रत्येक कप्प्याला सुतळीने बांधलेलं जाड पिवळट कार्ड. त्यावर चार रकाने असायचे, तारीख, आवक, जावक आणि शिल्लक. आमचे स्टोअरकीपर जुने होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. कार्डाला कधी पेन लावायचे नाहीत, पेन्सिलच. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी मला कप्प्यापाशी नेलं आणि कार्डावरची शिल्लक आणि आतला माल मोजायला लावला. कार्डावर साठ होते, आत बावन्न. म्हणाले, “आठ नग मशीन शॉपवाल्यांनी रात्रपाळीत चिठ्ठीशिवाय नेलेत. सकाळी चिठ्ठी येईल. तोवर तुमच्या पीपीसीला साठच दिसणार.” हाच साठा अकाउंट्सच्या कार्डेक्समध्ये तिसऱ्याच आकड्याने लिहिलेला असायचा, कारण त्यांच्याकडे चिठ्ठ्या आठवड्याने पोचायच्या. एकच माल, तीन खाती, तीन आकडे. कोणी लबाड नव्हतं. प्रत्येकाचा आकडा त्याच्या त्याच्या वेळेपुरता खरा होता.

दुसरा जीआरएन, माल आल्याची पावती. ती पाच प्रतींत निघायची. मधे चार कार्बन घालून स्टोअरचा क्लार्क बॉलपेन जोर देऊन चालवायचा. वरची प्रत अकाउंट्सला, दुसरी परचेसला, तिसरी इन्स्पेक्शनला, चौथी स्टोअरला, पाचवी आम्हाला. पाचव्या प्रतीवर ३ आहे की ८ हे उन्हात धरून बघावं लागे. किती माल आला हे ज्या खात्याला सगळ्यांत आधी कळायला हवं, त्यालाच सगळ्यांत पुसट कागद मिळायचा. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पैसे चुकते करायला अकाउंट्सला स्वच्छ प्रत लागते, म्हणून वरची त्यांची ठरली. मशीनवरच्या माणसाला काय लागतं हे फॉर्म ठरवणाऱ्यांच्या मनात आलंच नाही. दोन वर्षं भांडून मी आमची प्रत दुसऱ्या नंबरवर आणली. माझ्या नोकरीतलं ते पहिलं काम, ज्याचा मला आजही अभिमान आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. १९८१ चा. एका ब्रॅकेटच्या कास्टिंगवर ड्रिल करायचा उठाव, ज्याला आम्ही बॉस म्हणतो, तो डिझाइनने सहा मिलिमीटर सरकवला. कारण योग्य होतं, पाइप शेजारच्या झाकणाला घासत होता. नवं ड्रॉइंग निघालं. तेव्हा ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायचे. खोलीत शिरलं की नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. प्रिंट शॉपला गेला, इन्स्पेक्शनला गेला. परचेसचा प्रिंट शिपायाने टेबलावर ठेवला आणि रजिस्टरवर सही घेतली. पण हे काम बघणारे साहेब गावी गेले होते. प्रिंट ड्रॉवरमध्ये गेला. बाहेरच्या फाउंड्रीने जुन्या पॅटर्नवर नव्वद कास्टिंग ओतली. माल आला. इन्स्पेक्शनने नव्या ड्रॉइंगवर तपासला आणि नव्वदच्या नव्वद नगांना लाल टॅग लावला. असेंब्ली दोन दिवस थांबली.

चौकशीत डिझाइनने आउटवर्ड रजिस्टर दाखवलं. परचेसने ऑर्डर दाखवली, ती जुन्या ड्रॉइंग नंबरवर होती आणि तशी बरोबर होती. इन्स्पेक्शनने नवं ड्रॉइंग दाखवलं, तेही बरोबर. फाउंड्रीवाल्याचं काही चुकलंच नव्हतं. सगळ्यांचे कागद बरोबर आणि काम बंद. मी त्या टेबलाच्या कडेला उभा होतो. बदल होणार हे मला पंधरा दिवस आधी डिझाइनमधल्या मित्राने चहावर सांगितलं होतं. पण ते माझ्या कामात येत नाही असं धरून मी परचेसला बोललो नव्हतो. ही गोष्ट मला अजून सलते.

त्यानंतर आमच्या मोठ्या साहेबांनी दोन गोष्टी केल्या. बदलाच्या कागदावर, म्हणजे ईसीएनवर, दोन चौकटी वाढवल्या. हातातल्या जुन्या मालाचं काय करायचं, वापरायचा, दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा, ही एक. बदल कुठल्या सिरीयल नंबरपासून लागू, ही दुसरी. आणि दर मंगळवारी डिझाइन, परचेस, स्टोअर, शॉप, इन्स्पेक्शन आणि पीपीसी अशा सहा जणांनी एकाच टेबलावर बसून सह्या करायच्या. कागद फिरवायचा नाही, माणसं एकत्र आणायची. पहिल्या चौकटीत काय लिहायचं हे एकट्या डिझाइनला सांगता येत नाही, स्टोअरला विचारावंच लागतं. दुसरी भरायला शॉपला विचारावं लागतं. फॉर्मच असा केला की शेजारच्या खात्याशी बोलल्याशिवाय तो भरताच येऊ नये.

कॉम्प्युटर आला तेव्हा सगळं सुटेल असं वाटलं होतं. किती वाहनं करायची याचा आराखडा हातात असेल तर त्यांच्या हजारो सुट्या भागांची गरज गणिताने काढता येते, प्रत्येक भागाचा वेगळा अंदाज बांधायची गरज नाही, हा एमआरपीचा, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगचा, मूळ विचार. अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी तो साठच्या दशकात मांडला आणि १९७५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. विचार अगदी खरा आहे. आमच्याकडे मात्र कॉम्प्युटर पुरवणारी आयबीएम १९७८ मध्ये देशातून गेली. त्यानंतर देशी आणि इतर परदेशी मशीनवर काम चालू राहिलं. महिन्याचा स्टॉक स्टेटमेंट प्रिंटआउट हिरव्यापांढऱ्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावर यायचा, तोही पुढच्या महिन्याच्या सात-आठ तारखेला. आकडे सुबक छापलेले, पण शिळे. अण्णांच्या पेन्सिलीचा आकडा एका रात्रीने शिळा असायचा, हा आठ दिवसांनी. म्हणून अण्णांकडची गर्दी काही कमी झाली नाही.

खरा धक्का जपानने दिला. टोयोटात ताइची ओहनो यांनी १९५३ मध्ये आपल्या मशीन शॉपमध्ये एक पद्धत लावली. पुढच्या खात्याने जितकं उचललं, तितकंच मागच्याने बनवायचं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक नेईल तेवढंच कपाट भरतात, त्यावरून ही कल्पना आली. १९६२ पर्यंत कानबान, म्हणजे चिठ्ठीची ही पद्धत, सबंध कंपनीत पसरली. टेलरच्या घरात माहिती प्लॅनिंगच्या खोलीतून खाली उतरायची. ओहनोंच्या घरात ती मालाच्या उलट दिशेने, शेवटच्या खात्याकडून पहिल्याकडे चालत गेली. आणि दोष दिसला की काम थांबवायचं, हा तिथला दुसरा नियम. तो टोयोटाच्या संस्थापक घराण्यातूनच आलेला होता. टोयोडा साकिची यांचा १९२४ चा स्वयंचलित माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा. मी हे वडिलांना सांगितलं, तेव्हा साचेवाला असलेला तो माणूस बराच वेळ गप्प होता. मग म्हणाले, “तुटलेलं सूत लपवता आलं नाही, की कापड चांगलं निघतं.”

भारतात ही हवा ऐंशीच्या दशकात आली. हैदराबादच्या भेलमध्ये १९८० साली क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातले प्रश्न सोडवणारा कामगारांचा गट, सुरू झालं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, आणि सगळ्यांना एकच युनिफॉर्म, एकच कँटीन, साहेबांना बंद केबिन नाही, ही पद्धत देशभर चर्चेत आली. पुण्याच्या पट्ट्यातही आम्ही सर्कल केली. त्यांचा उपयोग झाला, पण बहुतेक सर्कल एकाच खात्यातल्या माणसांची असायची. आपल्या मशीनचा प्रश्न ती सोडवायची. दोन खात्यांच्या मधला प्रश्न तिथे कुणाचाच नसायचा.

नव्वदच्या सुरुवातीला आम्ही एका लाइनवर कानबान लावलं. पोस्टकार्डाएवढं लॅमिनेट केलेलं कार्ड. त्यावर पार्ट नंबर, नाव, एका ट्रेमध्ये किती नग, कुठून कुठे. असेंब्लीने ट्रे रिकामा केला की कार्ड मशीन शॉपच्या बोर्डावर लागायचं. बोर्डावर कार्ड नाही तर मशीन चालवायचं नाही. तिसऱ्या दिवशी फोरमन माझ्याकडे आले, फार दुखावलेले. म्हणाले, “साहेब, माझी चार मशीनं उभी आहेत. महिनाअखेर माझे आकडे बघून मला विचारणार कोण? तुम्ही का?”

त्या प्रश्नात सगळा इतिहास होता. मशीन शॉपला विचारायचे नग किती काढले. परचेसला, भाव किती खाली आणला. स्टोअरला, साठा किती कमी ठेवला. इन्स्पेक्शनला, खराब माल किती पकडला. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, मग प्रत्येकाने आपल्याला सोयीची माहिती वर द्यायची आणि गैरसोयीची बाकड्याखाली ठेवायची, हे ओघानेच आलं. आणि खरोखर बाकड्याखाली ठेवलेली असायची! महिनाअखेरीला कामी येतील म्हणून ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले नग मी स्वतः बाकड्यांखालून काढले आहेत. कुठल्याही रजिस्टरला त्यांचा पत्ता नव्हता. फोरमनना मी तेव्हा शब्द दिला आणि वर भांडून मिळवलंही, की त्या लाइनवर मशीन शॉप आणि असेंब्ली दोघांचा महिन्याचा आकडा एकच धरायचा. किती गाड्यांचे पूर्ण संच बाहेर पडले, तो. पुढच्या महिन्यात बाकड्याखालचे नग आपणहून बाहेर आले.

मग ईआरपी आलं, म्हणजे सगळ्या खात्यांसाठी एकच कॉम्प्युटर सिस्टिम. शतक बदलताना जुने प्रोग्रॅम सालाच्या दोन आकड्यांवर अडकतील या भीतीने अनेक कारखान्यांनी घाईने नवी सिस्टिम घेतली. पाच प्रतींचा कार्बन संपला. माल आल्याची नोंद एकदा केली की सगळ्यांना त्याच क्षणी दिसू लागली. मी हे छोटं मानत नाही. मला उन्हात धरून बघावा लागणारा तो ३ की ८, तो प्रश्न कायमचा मिटला. पण सिस्टिमवर हिरवं दिसावं म्हणून माल यायच्या आधीच पावती करणारे, सिस्टिमवर भरोसा नाही म्हणून स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये खरे आकडे ठेवणारे, हेही मी पाहिले. बाकड्याखालचं पुडकं आता पेन ड्राइव्हमध्ये गेलं होतं. कारण तेच, हिशेब वेगळा.

म्हणून माझा निष्कर्ष असा. चेसर, बिन कार्ड, प्रिंटआउट, कानबान, ईआरपी, प्रत्येकाने माहितीचा वेग वाढवला. माहिती खरी मात्र तेव्हाच राहिली, जेव्हा दोन खात्यांचा हिशेब एक झाला आणि वाईट बातमी लवकर सांगणाऱ्याला मार बसला नाही. या दोन गोष्टी कुठल्याही सॉफ्टवेअरच्या खोक्यातून येत नाहीत. वरच्या माणसाने ठरवाव्या लागतात आणि रोज पाळाव्या लागतात. वडिलांनी सांगितलेला खातं या शब्दाचा अर्थ मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत खरा कळला. खाती राहणारच, राहायलाच हवीत. त्यांच्यातलं गणित एक हवं.

आज चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. तुमच्या हातात आमच्यापेक्षा शंभर पटींनी चांगली साधनं आहेत. तरीही उद्या सकाळी शिफ्ट सुरू झाली की तुमचा माल ज्या खात्यात जातो तिथे दहा मिनिटं जाऊन उभे राहा. तिथल्या माणसाला विचारा, काल आमच्यामुळे तुमचं काय अडलं? आणि तो सांगेल ते तिथेच लिहून घ्या.